इंजिन धरून ठेवायचे की मोकळे सोडायचे?

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिन, बॅटरी, रेडिएटर, नळ्या आणि तारा असा सगळा पसारा दिसतो. हे सारे नीट निरखून पाहणाऱ्यालाही एक वस्तू मात्र सहसा दिसत नाही. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये, खाली दडलेले, मुठीएवढे रबराचे ठोकळे असतात. गॅरेजमधली माणसे त्यांना 'इंजिन माउंटिंग' किंवा 'फाउंडेशन' म्हणतात. शे-दीडशे किलोंचे इंजिन अशा दोन-तीन ठोकळ्यांवर बसलेले असते. या ठोकळ्यांना एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. इंजिन जागेवरून हलू द्यायचे नाही, हे पहिले काम. इंजिनाला हलू द्यायचे, हे दुसरे! ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे उघडच आहे. मोटारीच्या इतिहासात अभियंते कधी एका कामाकडे झुकले, कधी दुसऱ्याकडे. त्या झुकण्याची ही हकिकत आहे.

निमित्त आहे पोर्शे ९४४ या जर्मन स्पोर्ट्‌स गाडीचे. १९८२ ते १९९१ या काळात या जातीच्या दीड लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या. आज त्या सगळ्या तीस वर्षांहून जुन्या आहेत. युरोप-अमेरिकेत अशी जुनी गाडी घेऊन ती स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करणारी हौशी माणसे पुष्कळ आहेत. या गाडीचे इंजिन पुढे आणि गिअरपेटी मागच्या चाकांपाशी असते. दोन्हींना एक पोलादी नळी जोडते आणि तिच्या आतून इंजिनाची गती मागे नेणारा दंड फिरतो. क्लच बदलायचा तरी गिअरपेटी उतरवावी लागते आणि ती नळी मागे सरकवावी लागते. एवढी उस्तवार केल्यावर 'माउंटिंगही बदलून टाकू' असे वाटणे साहजिक आहे. बाजारात गाडीच्या कंपनीव्यतिरिक्त इतरांनी बनवलेली माउंटिंग चार तऱ्हांची मिळतात: मूळच्यासारखी द्रव भरलेली, भरीव रबराची, पॉलियुरेथेन या टणक प्लॅस्टिकची, आणि थेट ॲल्युमिनियमचा ठोकळा. स्पोर्ट्‌स गाडी आहे म्हणजे जितके कडक तितके चांगले, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे? उत्तरासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

थरथर येते कुठून?

इंजिन दोन कारणांनी थरथरते. पहिले कारण स्फोटांचे. सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा दट्ट्या खाली ढकलला जातो आणि क्रँक शाफ्टला हिसका बसतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार इंजिनाच्या देहाला तेवढाच उलटा हिसका बसतो. शाफ्ट एका दिशेने फिरू लागला की इंजिन दुसऱ्या दिशेने कलू पाहते. नेहमीच्या चार सिलिंडरच्या, चार धावांच्या इंजिनात शाफ्टच्या दर फेऱ्यात असे दोन हिसके बसतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला १५ फेरे झाले, म्हणजे सेकंदाला ३० हिसके. मिनिटाला ६००० फेऱ्यांना हेच हिसके सेकंदाला २०० होतात.

दुसरे कारण दट्ट्यांच्या धावपळीचे. चार सिलिंडरपैकी दोन दट्ट्ये खाली येत असतात तेव्हा दोन वर जात असतात. वरवर पाहता हिशेब जुळला असे वाटते, पण तो जुळत नाही. हे पायथागोरसच्या प्रमेयाने वर्गात सहज दाखवता येईल. क्रँकची त्रिज्या १ धरू आणि दट्ट्याला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची लांबी ४ धरू. प्रत्यक्ष इंजिनांत हे प्रमाण साधारण असेच असते. दट्ट्याची वरपासून खालपर्यंतची पूर्ण धाव २ झाली. आता क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा फिरली की दट्ट्या किती खाली येईल? निम्म्यावर, म्हणजे १, असे आपण चटकन म्हणू. पण दांडा आता तिरपा झाला आहे. त्याची उभी उंची १५ च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ३.८७३ राहिली. सुरुवातीला दट्ट्या शाफ्टपासून ५ अंतरावर होता, आता ३.८७३ वर आहे. म्हणजे तो १.१२७ एवढा खाली आला, निम्म्याहून जास्त!

याच क्षणी खालून वर निघालेले दोन दट्ट्येही नेमके याच उंचीवर असतात. चारही दट्ट्ये मधल्या रेषेच्या ०.१२७ ने खाली. आणखी पाव फेऱ्यानंतर दोन वर आणि दोन खाली, म्हणजे सरासरी पुन्हा मधोमध. थोडक्यात, चार दट्ट्यांचा मिळून गुरुत्वमध्य दर फेऱ्यात दोनदा खाली-वर होतो. क्रँकची त्रिज्या ४० मिलिमीटर असेल तर हा प्रवास सुमारे ५ मिलिमीटरचा असतो. मिनिटाला ३००० फेरे असताना तो सेकंदाला १०० वेळा घडतो. इंजिन कितीही काटेकोर बनवले तरी ही थरथर जात नाही, कारण ती बनावटीतल्या दोषातून आलेली नसते. तिचे मूळ भूमितीत आहे.

घट्ट बांधण्याचे दिवस

कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला एकच सिलिंडर होता. इंजिन मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेई आणि त्याची शक्ती एक अश्वशक्तीही नव्हती. गाडीचा वेग माणसाच्या धावण्याएवढा. तेव्हा थरथरीची फारशी तक्रार होण्याचे कारण नव्हते. त्या काळात इंजिन सांगाड्याला बोल्टांनी सरळ आवळून टाकत.

रस्ते खराब होते, तेव्हा पहिली अडचण उलट्या बाजूने आली. चाक खड्ड्यात गेले की सांगाडा पिळला जाई, आणि चार कोपऱ्यांवर आवळलेले इंजिनाचे ओतीव कवचही त्याबरोबर पिळले जाऊन तडकण्याचा धोका असे. यावर हेन्री फोर्ड यांच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत एक सोपा तोडगा दिसतो. इंजिन चारऐवजी तीनच ठिकाणी टेकवलेले होते. चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते. तीन पायांची तिवई मात्र कुठेही नीट बसते. तीन बिंदूंमधून नेहमी एकच प्रतल जाते, हे भूमितीतले सत्य इथे कामाला आले. सांगाडा पिळला तरी इंजिनावर त्याचा ताण येईना. मात्र आधार अजून धातूचेच होते. रस्त्याचा त्रास इंजिनापर्यंत पोचणे थांबले, इंजिनाचा त्रास प्रवाशापर्यंत पोचतच राहिला.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला. आपण वर पाहिलेली दर फेऱ्यात दोनदा होणारी हालचाल दुसऱ्या हालचालीने खोडून काढायची, ही त्यांची कल्पना. यासाठी इंजिनात दोन जादा दंड बसवायचे. दोन्हींवर एका बाजूला वजन असेल, दोन्ही शाफ्टच्या दुप्पट वेगाने फिरतील, पण एकमेकांच्या उलट दिशांनी. दोन वजनांचे आडवे खेचणे परस्परांना मारून टाकते, उभे खेचणे एकत्र होते, आणि ते दट्ट्यांच्या खाली-वर होण्याच्या बरोबर उलट ठेवता येते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली ही कल्पना. ती बिनचूक होती, पण महाग आणि किचकटही होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी सहा किंवा आठ सिलिंडरचे, मुळातच शांत चालणारे इंजिन घेतले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी चार सिलिंडरची थरथर सोसली. गाडी किती थरथरते यावरून मालकाची ऐपत कळावी, असे ते दिवस होते.

तरंगती शक्ती

१९२९ मध्ये अमेरिकेत महामंदी सुरू झाली. सहा सिलिंडरची गाडी घेणारे ग्राहक कमी झाले. स्वस्त चार सिलिंडरची गाडी सुसह्य कशी करायची, या प्रश्नावर आता कारखान्यांचे जगणे अवलंबून होते. क्रायस्लर कंपनीतले फ्रेड झीडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर हे तीन अभियंते नेहमी एकत्र काम करत. त्यांच्या विभागातून आलेली नवी रचना जुलै १९३१ मध्ये प्लायमाऊथ पीए या गाडीतून बाजारात आली. तिचे नाव 'फ्लोटिंग पॉवर', म्हणजे तरंगती शक्ती.

तिच्यामागचा विचार आजही शिकवण्यासारखा आहे. हवेत मोकळ्या सोडलेल्या वस्तूला पीळ दिला तर ती आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती फिरते. इंजिनालाही असेच फिरावेसे वाटते, पण बोल्ट त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी बिंदूभोवती फिरायला भाग पाडतात. त्यामुळे सगळ्या इंजिनाचे वजनच डावी-उजवीकडे फेकले जाते आणि गाडी हादरते. मग इंजिनाला त्याच्या मनाजोगते फिरू का देऊ नये? क्रायस्लरच्या अभियंत्यांनी पुढचा आधार उंचावर, पाण्याच्या पंपाजवळ घेतला आणि मागचा आधार खाली, गिअरपेटीमागे घेतला. या दोन आधारांना जोडणारी तिरपी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जात होती. दोन्ही ठिकाणी रबर होते. या रेषेभोवती इंजिन खुशाल डुले, आणि डुलणे मर्यादेत राहावे म्हणून बाजूला एक पट्टीची स्प्रिंग होती. इंजिन थरथरतच होते, किंबहुना बॉनेट उघडले तर पूर्वीपेक्षा जास्त हलताना दिसे. पण गाडी स्थिर राहिली. चार सिलिंडरची काटकसर आणि आठ सिलिंडरचा मऊपणा, अशी तिची जाहिरात झाली. वॉल्टर क्रायस्लर स्वतः एक गाडी घेऊन हेन्री फोर्ड आणि त्यांचे चिरंजीव एडसेल यांच्याकडे गेले, दोघांना तिच्यातून फिरवून आणले आणि गाडी त्यांच्याकडेच ठेवून परतले. प्रतिस्पर्ध्याला आपला माल असा दाखवण्याइतका त्यांचा त्यावर विश्वास होता. ऐन मंदीत प्लायमाऊथ विक्रीत फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या मागोमाग तिसऱ्या स्थानावर पोचली.

ही रचना शक्य झाली ती रबरामुळे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ केले होते, पण रबर लोखंडाला पक्के चिकटवणे ही वेगळीच विद्या होती. धातूवर पितळेचा पातळ थर दिला तर रबरातले गंधक पितळेतल्या तांब्याशी जोडले जाते आणि सांधा रबराइतकाच मजबूत होतो. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या ईरी गावी ह्यू लॉर्ड यांनी नेमक्या याच, रबर आणि धातू जोडण्याच्या कामासाठी कंपनी काढली. चिकटवलेल्या रबराचा एक मोठा फायदा आहे. शाळेतले खोडरबर घ्या. ते दोन बोटांत दाबून पाहा, फारसे दबणार नाही. आता वरचे बोट पुढे आणि खालचे मागे सरकवा. खोडरबर सहज तिरके होते. रबर दाबाला टणक आणि सरकण्याला मऊ असते. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ते हव्या त्या कोनात चिकटवले की एका दिशेला कडक आणि दुसऱ्या दिशेला मऊ, असा आधार बनवता येतो.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने या रचनेचा परवाना घेतला. १९३२ च्या तिच्या गाड्यांवर पाण्यात तरंगणाऱ्या हंसाचे चिन्ह दिसू लागले, ते याच तरंगत्या इंजिनाचे. आपल्याकडेही क्रायस्लर कुळातल्या गाड्या आल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीने क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लायमाऊथ या नावांच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. पुढे फियाट आणि पद्मिनी बनवणारा कारखाना तो हाच.

रबराचे गणित

रबर मऊ असले की थरथर का अडते? एक साधा प्रयोग करू. चार-पाच रबरबँडांची साखळी करा, खालच्या टोकाला कुलूप बांधा आणि वरचे टोक हातात धरा. हात सावकाश खाली-वर करा. कुलूप हाताबरोबर तेवढेच हलते. वेग थोडा वाढवा. एका विशिष्ट वेगाला कुलूप वेड्यासारखे उड्या मारू लागते. हेच अनुस्पंदन. आता हात आणखी जलद हलवा. कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहते!

इंजिनाच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने घडते. इंजिन हलते आणि सांगाडा शांत राहावा अशी आपली इच्छा असते, पण नियम एकच. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची एक वारंवारता असते. थरथरीची वारंवारता तिच्या १.४१४ पट, म्हणजे २ च्या वर्गमुळाएवढ्या पटीहून जास्त झाली, तरच रबराचा उपयोग होतो. त्याच्या आत रबर थरथर कमी करत नाही, उलट वाढवते. रबराच्या अंगचे अवमंदन बाजूला ठेवले तर हिशेब सोपा आहे: दोन वारंवारतांच्या गुणोत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि १ ला त्या संख्येने भागा. तेवढा भाग सांगाड्यापर्यंत पोचतो.

समजा, मऊ माउंटिंगवर इंजिनाची स्वतःची वारंवारता सेकंदाला १० आहे. गाडी उभी असताना हिसके ३० बसतात. गुणोत्तर ३, वर्ग ९, त्यातून १ गेला ८. म्हणजे थरथरीचा फक्त आठवा हिस्सा गाडीत येतो. आता चौपट कडक माउंटिंग बसवू. वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळानुसार वाढते, म्हणून ती २० होईल. गुणोत्तर १.५, वर्ग २.२५, त्यातून १ गेला १.२५. आता थरथरीचा ८० टक्के भाग गाडीत येतो. नऊपट कडक केले तर वारंवारता बरोबर ३० होते आणि सिग्नलला उभी असलेली गाडी अनुस्पंदनात सापडते. पण तीच चौपट कडक माउंटिंगची गाडी हमरस्त्यावर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालू द्या. हिसके १००, गुणोत्तर ५, आत येतो फक्त चोविसावा हिस्सा. कडक माउंटिंग बसवलेल्या गाडीचा मालक म्हणतो, 'पळताना छान आहे, उभी राहिली की दात वाजतात', त्याचे कारण या चार ओळींत आहे.

जे. पी. डेन हार्टोग यांच्या यांत्रिक कंपनांवरील १९३४ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात क्रायस्लरच्या 'तरंगत्या शक्ती'चे विवेचन आले आणि कारखान्यातली युक्ती महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात पोचली.

मग माउंटिंग अगदी मऊ का करू नये? कारण खड्ड्यात चाक आपटले की मऊ रबरावरचे इंजिन उड्या मारत राहते. त्या उड्या लगेच विझवायला अवमंदन हवे, आणि जास्त अवमंदनाचे रबर बारीक, जलद थरथर मात्र पुढे जाऊ देते. मोठ्या, संथ हालचालीला कडक आणि लहान, जलद हालचालीला मऊ, असा पदार्थ एकट्या रबरातून मिळत नाही.

१९८० च्या दशकात यावर द्रव भरलेल्या माउंटिंगचा उपाय रूढ होऊ लागला. रबराच्या आत दोन कप्पे असतात. त्यांत पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण असते. कप्प्यांना एक लांब, अरुंद वाट जोडते. इंजिनाने मोठी उडी मारली की द्रवाला त्या वाटेने ढकलून जावे लागते आणि उडी विझते. बारीक थरथर असेल तर मधला एक सैल पडदा नुसता फडफडतो, द्रव वाटेने जातच नाही आणि माउंटिंग मऊ राहते. पोर्शे ९४४ ला अशीच माउंटिंग होती. तिच्या अडीच लिटरच्या, मोठ्या दट्ट्यांच्या चार सिलिंडर इंजिनात लँचेस्टर यांचे उलट फिरणारे दोन दंडही होते. ही कल्पना जपानच्या मित्सुबिशीने १९७५ मध्ये सुधारून वापरात आणली होती आणि पोर्शेने तिच्याकडून परवाना घेतला. सत्तर वर्षांपूर्वीची इंग्रज कल्पना जपानमार्गे जर्मन गाडीत पोचली.

शर्यतीची उलट वाट

दरम्यान शर्यतीच्या मैदानावर काटा पूर्ण उलट बाजूला गेला होता. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमध्ये झांडव्होर्ट येथे जिम क्लार्क यांनी लोटस ४९ ही नवी गाडी पहिल्याच शर्यतीत जिंकून दिली. कॉलिन चॅपमन यांच्या कंपनीच्या या गाडीत कीथ डकवर्थ यांनी रचलेले कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन होते. चालकाच्या पाठीमागे सांगाडा संपत असे. पुढचा भाग इंजिनाला बोल्टांनी आवळलेला आणि मागची चाके इंजिन-गिअरपेटीला जोडलेली. इंजिन हाच गाडीचा कणा झाला. अशी रचना त्याआधीही झाली होती, पण लोटसच्या यशाने तीच पद्धत पडून गेली. माउंटिंगचे रबर गेले, सांगाड्याचे वजनही वाचले.

इथे चालकाच्या सुखाचा प्रश्न नव्हता. शर्यत दोनेक तासांची, आणि नंतर प्रत्येक बोल्ट तपासायला कारागीर हजर. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स गाडीला कडक माउंटिंग बसवण्याची आवड या वातावरणातूनच आली. तिच्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. नेहमीच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरपेटी पुढे एकत्र असतात. इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर असेल आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ असेल, तर मागे ७०० न्यूटन-मीटर जातात, आणि तेवढाच उलटा पीळ पुढच्या माउंटिंगला सोसावा लागतो. मऊ रबरावर इंजिन कलते, गिअरचा दांडा त्याबरोबर हलतो, गिअर नीट पडत नाही. वळणावर इंजिनाचे वजन क्षणभर उशिरा सरकते आणि गाडीचा तोल किंचित बिघडतो. कडक माउंटिंगने हे कमी होते.

मग ९४४ ला काय बसवावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ९४४ मध्ये इंजिन आणि मागची गिअरपेटी यांना पोलादी नळीने एकजीव केलेले आहे. गाडी ओढताना इंजिन एका दिशेने कलू पाहते आणि गिअरपेटीचे कवच तेवढ्याच जोराने उलट दिशेने. हे दोन पीळ त्या नळीतच एकमेकांना भेटून संपतात. इंजिनाच्या दोन माउंटिंगपर्यंत हा पीळ फारसा येतच नाही. म्हणजे कडक माउंटिंगचा जो सर्वांत मोठा फायदा, तो या गाडीत तिच्या रचनेनेच आधी मिळवून ठेवला आहे. वळणावरचा थोडा नेमकेपणा सोडला तर कडक माउंटिंगने हाती फारसे लागत नाही. उभ्या गाडीतली थरथर मात्र पुरेपूर पदरात पडते. शर्यतीच्या मैदानावर नेण्याची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. रोजच्या रस्त्यासाठी द्रव भरलेले माउंटिंग किंवा बेताचे मऊ भरीव रबर हेच हिशेबात बसते. एका गाडीवरचा अनुभव दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा का लावू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बसवण्याच्या कामातही हाच विचार उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंची माउंटिंग एकदमच बदलावी. एक बाजू नवी आणि एक खचलेली असेल तर इंजिन तिरपे बसते आणि सगळा भार एकावर येतो. इंजिनाचे वजन आधी वरून आडव्या दांडीला टांगून किंवा खालून लाकडी फळीवर पेलून धरावे, मगच बोल्ट सोडावेत. नवी माउंटिंग बसवताना सगळे बोल्ट सैल ठेवून इंजिनाला आपसूक बसू द्यावे आणि शेवटी ठरलेल्या पिळाने आवळावेत. आधी आवळले तर रबर जन्मभर पिळलेल्या अवस्थेत राहते. धुराड्याच्या बाजूला उष्णता अडवणारा पत्रा असेल तर तो विसरू नये. उष्णता आणि गळणारे तेल हे रबराचे दोन मोठे शत्रू आहेत, तेव्हा तेलाची गळती आधी थांबवावी.

आणखी एक तपासणी त्याहून महत्त्वाची. ९४४ चे उलट फिरणारे दंड दात्यांच्या पट्ट्याने चालतात. जुळणी करताना पट्टा चुकीच्या दात्यावर बसला तर ते दंड थरथर खोडून काढण्याऐवजी तिच्यात भर घालतात. मालक माउंटिंगला दोष देतो आणि चांगली माउंटिंग काढून टाकतो. थरथर जाणवली की प्रथम तिचे मूळ शोधावे, अडथळा कुठला बसवायचा ते नंतर. आणि कडक ठोकळा बसवायचाच असेल, तर अडवलेली हालचाल आता कुठे जाणार हेही पाहून ठेवावे. ती आरशात दिसते, डॅशबोर्डात वाजते, आणि माउंटिंग ज्या कंसावर बसते त्याच्या सांध्याला कालांतराने तडाही पाडू शकते.

मर्जीप्रमाणे कडक, मर्जीप्रमाणे मऊ

कडक की मऊ, या प्रश्नाला तिसरे उत्तर देण्याची कल्पनाही जुनी आहे. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळले आणि त्याला चुंबकीय क्षेत्रात धरले, तर कणांच्या साखळ्या होतात आणि तेल क्षणात घट्ट होते. क्षेत्र काढले की पुन्हा पातळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे द्रव तयार केले. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी पोर्शेनेच ९११ जीटी३ या गाडीत अशा द्रवाची माउंटिंग देऊ केली. चालक शांतपणे जात असेल तेव्हा ती मऊ असतात, वळणावर गाडी जोरात घातली की विद्युतप्रवाह सुरू होऊन ती कडक होतात.

विजेच्या मोटारगाड्यांत स्फोट नाहीत, दट्ट्ये नाहीत. म्हणून माउंटिंगची गरज संपली असे मात्र झाले नाही. मोटरमधल्या चुंबकीय बलांची थरथर सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा होते, ती शिट्टीसारखी ऐकू येते, आणि ती झाकून टाकणारा इंजिनाचा आवाज आता उरलेला नाही. शिवाय पीळ एकदम आणि पूर्ण मिळतो. तेव्हा धरून ठेवणे आणि मोकळे सोडणे ही दोन्ही कामे तिथेही आहेतच.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गावातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये काढून टाकलेले जुने माउंटिंग मिस्त्री सहज देतील. ते वर्गात आणावे. रबर आणि लोखंड कुठे जोडले आहे, तडा कुठे गेला आहे, रबर दाबले जाईल अशा रीतीने ठेवले होते की सरकेल अशा रीतीने, हे विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. मग विचारावे: हे इंजिन कोणत्या दिशेने हलत असेल? तडा नीट पाहिला तर बहुतेकांना उत्तर सापडते.